हत्तीण आणि साबळे वायरमन

१९९६ साल. यशवंत साबळे तेव्हा एकसष्टचा होता. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. तो मला ‘गोविंद्या’ म्हणायचा, पण ते वयाच्या हक्कानं नव्हे. वायरमनचं काम मेकॅनिकच्या कामापेक्षा वरचं, असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून. माझं मत उलटं होतं आणि अजून उलटंच आहे. इंजिन फिरलं नाही तर करंट काय चाटायचाय? पण तीस वर्षं एका पत्र्याखाली काम करूनही हा वाद मिटला नाही. मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

आमची शेड बडोद्यात, सुभानपुऱ्यात होती. घेतली तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या, नंतर सोसायट्या उगवल्या. शेड माझी आणि त्याची निम्मी-निम्मी. पहिल्याच दिवशी त्यानं मधोमध चुन्याची रेघ मारली. अलीकडे तेल, पलीकडे करंट. माझा पेट्रोलचा डबा चुकून पलीकडे गेला की तो डबा उचलून थेट रस्त्यावर नेऊन ठेवायचा आणि काही बोलायचा नाही. मी डबा परत आणायचो आणि मीही काही बोलायचो नाही. आमची भांडणं बहुतेक अशीच व्हायची. तोंडानं व्हायची ती गिऱ्हाइकासमोर.

अंगानं काटकुळा, पण पाठ अशी ताठ की गाडीखाली शिरतानाही वाकलाय असं वाटू नये. आजोबा संस्थानाच्या रिसाल्यात होते. घोडा गेला, जमीन गेली, तलवार तेवढी घरात राहिली आणि ती पाठ. खाकी पँटला रोज इस्त्री. गाडीखाली जायचं तर आधी गोणपाट, गोणपाटावर धुतलेली चादर, मग साबळे. मी म्हणायचो, “अरे, इंजिन बघायला चाललायस की सासरी?” तो म्हणायचा, “तुझ्या इंजिनाखाली जायचं म्हणजे नाल्यात उतरणं आहे. चादर माझ्यासाठी नाही, पँटसाठी आहे.”

गिऱ्हाइकाशी तो मराठीत बोलायचा, शिव्या हिंदीत द्यायचा आणि वायरींशी गुजरातीत बोलायचा. डॅशबोर्डखाली डोकं घालून त्याचं चाललेलं असायचं, “चाल ने बेन, क्यां संताई गई?” जशी काही ती वायर शेजारची पोर आहे आणि लपाछपी खेळतेय. वायरींना त्यानं कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. दोऱ्याच्या गाठी मारायचा. एक गाठ हेडलाइट, दोन गाठी हॉर्न, तीन म्हणजे वायपर. अंधारात बोटांनी वाचता यावं म्हणून. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणाऱ्याला तो ‘पट्टीवाला’ म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी याहून मोठी शिवी मी ऐकली नाही. अर्थिंग जोडायचं तर कानस घेऊन रंगाखालचं लोखंड चकाकेपर्यंत घासायचा. बॉडीला वायर नुसती आवळून करंट जात नाही, उघड्या लोखंडाला टेकली तरच जातो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, गिऱ्हाइकाला घाई असली तर दोनदा.

त्या वर्षांत बडोद्याच्या रस्त्यावर नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या. चकचकीत, गोलगुळगुळीत. एक शेडमध्ये आली. साबळेनं बॉनेट उघडलं आणि आतली काळी, बंद डबी उलटीसुलटी करून पाहिली. “याला झाकण नाही, स्क्रू नाही. हे मशीन आहे की मूर्ती? नुसता नमस्कारच करायचा का?” गिऱ्हाईक हसलं. साबळे हसला नाही. त्यानं डबी पुसून जागेवर ठेवली आणि हात धुतले.

तो भित्रा नव्हता, हेही सांगतो. नंदेसरीच्या एका कारखान्याच्या फाटकात रसायनाचा टँकर उभा होता. बॅटरीपाशी ठिणग्या उडायला लागल्या तसे ड्रायव्हर, चौकीदार सगळे पळाले. आम्ही दुसऱ्याच एका ट्रकच्या कामासाठी गेलो होतो. मी साबळेचा दंड धरला. त्यानं सोडवून घेतला, हातातलं घड्याळ काढून माझ्या खिशात टाकलं, अंगठी काढली, तीही टाकली, आणि लग्नाला चालल्यासारखा सरळ चालत गेला. आधी अर्थिंगची वायर सोडली, मग दुसरी. परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाला, “आधी अर्थिंग सोडायचं, गोविंद्या. आणि जोडताना अर्थिंग शेवटी जोडायचं. एवढं एक कळलं की माणूस म्हातारा होतो.” मग ड्रायव्हरला शोधून काढलं आणि बॅटरीच्या वायरीवर टेप कुणी गुंडाळली होती ते विचारून त्याला हिंदीत असं काही झोडलं की फाटकावरचा चौकीदार पुन्हा पळाला.

आणि त्याची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. मीही करतो. पण एक पाना बाहेर ठेवतो, कारण गाडी कुठल्याही दिवशी बंद पडते हे देवालाही कळतं. साबळेचं तसं नव्हतं. आजोबांची तलवार मध्ये, भोवती पकडी, स्क्रू ड्रायव्हर, कानशी, सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यातल्या कशालाच हात लावायचा नाही. एकदा एका बड्या साहेबांची जीप नवमीला आली, दिवे गेलेले, बॅटरी उतरलेली, ढकलतच. ड्रायव्हर दमदाटीवर आला, साहेब स्वतः उतरले. साबळे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आज हत्यारं देवाची आहेत. परवा माझी होतील, मग तुमची.” साहेबांनी जीप माझ्याकडून ढकलून घेतली.

तर, ९६ साली आमच्याकडे टिपणीससरांची गाडी आली.

टिपणीससर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. वडील संस्थानात अधिकारी होते आणि गाडी त्यांची. जुनी, विलायती बनावटीची, करड्या रंगाची, रुंद. घरातली सगळी तिला हत्तीण म्हणायची. मुलगी मंजिरी, तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मुलाकडची मंडळी इंदूरची. जावयाला जानवशावरून मांडवात आणायचं ते हत्तिणीतून, असं सरांनी भर बैठकीत सांगून टाकलं. वाजत गाजत, बँडच्या मागून. आम्ही बडोद्याचे लोक त्याला वरघोडाच म्हणतो, घोडा असो वा गाडी.

सर आम्हाला म्हणाले, “गोविंदराव, इंजिन तुम्ही बांधा. साबळे, वायरिंग सगळं नवं करा. रंगही काढून घेतो. एकच मागणी आहे. बँडच्या मागे ती माणसाच्या चालीनं चालली पाहिजे आणि बंद पडता कामा नये. इंदूरची माणसं आहेत, जन्मभर बोलून दाखवतील.”

जुन्या गाडीत डायनॅमो असतो. गाडी हळू चालली की तो नीट करंट देत नाही, बॅटरी उतरत जाते. म्हणून साबळेनं नवा अल्टरनेटर बसवायचं ठरवलं. त्यात एक मेख होती. त्या विलायती गाड्यांत बॅटरीचं प्लसचं टोक बॉडीला जोडलेलं असायचं, नव्या अल्टरनेटरला मायनसचं लागतं. म्हणजे सगळं उलटं करायचं. साबळेनं ते केलं, कॉइलच्या वायरीसुद्धा आठवणीनं बदलल्या. मी मुद्दाम बघितलं होतं. चूक सापडावी म्हणूनच बघितलं होतं.

इंजिन मी खाली उतरवलं, बांधलं. रंगाऱ्यानं गाडी लोण्याच्या रंगाची केली, चॅसीपासून छतापर्यंत. मी म्हणालो, “सर, आता हिला पांढरा हत्ती म्हणा.” सर हसले. इंजिन परत चढवलं, साबळेनं वायरी ओढल्या. एवढ्यात नवरात्र संपत आलं आणि सरांनी निरोप धाडला की दसऱ्याला हत्तीण दारात हवी, वडिलांच्या वेळेपासून तिला तोरण चढतं. नवमीच्या दिवशी स्वतः न्यायला आले. काम सगळं झालं होतं. इंजिन आणि चॅसी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी तेवढी जोडायची होती, कारण साबळे ती शेवटी जोडायचा. त्याची हत्यारं पूजेत. त्यानं सरांच्या डिकीतला पाना घेतला, चादर अंथरली, खाली गेला आणि पट्टी आवळून बाहेर आला. गाडी चालू झाली. सर खुशीत घेऊन गेले.

दिवाळी झाली आणि हत्तीण परत आली.

“गोविंदराव, वेगात छान पळते. उभी केली की थरथरते. काल चौकात बंद पडली.”

मी चालू केली. स्लोवर, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, इंजिन असं झटके देत होतं की आरसा हलताना दिसावा. पेट्रोलचा वास, प्लग काळेकुट्ट. मी कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकले, फ्लोट पाहिला, पुन्हा बसवला. गाडी घड्याळासारखी चालली. सर घेऊन गेले. दोन दिवसांनी परत, तेच दुखणं घेऊन.

“स्पार्क कमी पडतोय,” मी म्हणालो. “वायरमनला विचारा.”

साबळेनं कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लगच्या वायरी बदलल्या. अल्टरनेटर काढून जुना डायनॅमो लावून पाहिला. टेस्टचा छोटा दिवा घेऊन सगळी गाडी पालथी घातली. दिवा जिथे टेकवावा तिथे पेटत होता. “करंट पोचतोय,” तो म्हणाला. “आता पेटीत बघ.” माझ्या कार्बोरेटरला तो पेटी म्हणायचा.

इंजिन चालू करणारा सेल्फ जड फिरतोय हे मी दाखवलं. “इंजिन नवं बांधलंयस, घट्ट असणारच,” तो म्हणाला. हे खरं होतं, नवं इंजिन घट्ट असतंच. मग मला दिसलं की चोकची झडप पूर्ण उघडत नाही. चोक म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजण्याची सोय. झडप अर्धवट मिटलेली राहिली तर इंजिनाला पेट्रोल जास्त होतं आणि ते स्लोवर गुदमरतं. मी स्प्रिंग बदलली आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणालो, “सापडलं!” गाडी सुरेख चालली. साबळे रेघेपलीकडून टाळ्या वाजवू लागला.

“म्हणजे पेटीच होती तर! दिवाळीपासून माझ्या कॉइलला बदनाम करतोयस, लाज वाटते का रे?”

दुसऱ्या दिवशी हत्तीण पुन्हा थरथरत दारात. झडप पुन्हा अर्धवट मिटलेली.

तेव्हा सर पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. लग्न आठवड्यावर आलं होतं. “मला तुमच्यातलं कोण जिंकतं याच्याशी कर्तव्य नाही. मेहुणे रोज म्हणतात, भाड्याची नवी गाडी सांगून टाका. मी शब्द दिलाय इंदूरला. दोष कुठे आहे?”

मी साबळेकडे बोट केलं, साबळेनं माझ्याकडे. मग आम्ही असे भांडलो की समोरच्या सोसायटीतल्या बायका गॅलरीत आल्या. शेवटी साबळे सरांसमोर जाऊन उभा राहिला. आवाज एकदम खाली आणला होता. तो ओरडत असला की मला काही वाटायचं नाही, पण हळू बोलला की मी हातातलं काम खाली ठेवायचो.

“सर, चाळीस वर्षं मी दुसऱ्याचं वायरिंग सुधारत आलोय. माझं कुणी सुधारलेलं नाही. या गाडीत माझ्या वायरिंगचा दोष निघाला तर शेडवरचा माझा बोर्ड मी उतरवीन. पुन्हा पकड हातात घेणार नाही.”

“अहो साबळे, असं काही बोलू नका.”

“बोललो.”

त्या घटकेला मलाही वाटत होतं की दोष त्याचा नसावा आणि माझाही नसावा. मग गाडी का मरत होती? झोपेत कूस बदलली तरी मला ती झडप दिसायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी हत्तीण शेडमध्ये होती. संध्याकाळी सीमांतपूजन, इंदूरची मंडळी स्टेशनवर उतरलेली. सर ग्रहमखाच्या पूजेतून तसेच आले, सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, अंगावर उपरणं. ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

“दिवेलागणीपर्यंत बघतो,” म्हणाले. “नाही तर मेहुण्यांना सांगतो, आणा भाड्याची.” एवढं म्हणून त्यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर भिंतीकडे बघत राहिले. वडिलांची गाडी होती. त्यांचा चेहरा मला बघवेना, मी बॉनेटमध्ये डोकं घातलं.

मी झडप मोकळी केली. साबळे कॉइलपाशी. “मारा सेल्फ.” इंजिन कुरकुरलं, लागलं नाही. “पुन्हा मारा.” लागलं, थरथरलं, मेलं. “पुन्हा.” पाच-सात वेळा झालं. बॅटरी उतरायला आली. साबळे माझ्यावर ओरडत होता, “किती पाजतोस तिला, बुडवतोस का?” मी त्याच्यावर, “काडीइतका तरी स्पार्क दे आधी!” सर म्हणाले, “चोक ओढू का?” मी म्हणालो, “ओढा थोडा.”

“आई गं!”

आम्ही दोघांनी डोकी वर काढली. सर हात झाडत होते. चोकचं बटण ओढायला गेले आणि दोन बोटं भाजली.

“तापलंय हो हे! विस्तवासारखं!”

साबळे जागेवरच थांबला. हातातला पाना त्यानं अलगद मडगार्डवर ठेवला. मग खिडकीतून हात घालून बटणाला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बटणापासून चोकची केबल निघते, ती हातानं चाचपत तो पुढे आला, बॉनेटमधून थेट माझ्या कार्बोरेटरपर्यंत. केबलवरचं आवरण जागोजागी काळं पडून आखडलं होतं. माझ्या नाकासमोर होती ती केबल. मी ती जुनी म्हणून काळी समजत होतो.

चादर न अंथरता तो गाडीखाली गेला. इस्त्रीच्या पँटनिशी, नुसत्या तेलकट जमिनीवर. तेव्हाच मला कळलं की काहीतरी सापडलंय आणि ते चांगलं नाही.

खालून नखानं खरवडल्याचा आवाज आला. मग बाहेर आला. नखात लोण्याच्या रंगाचा कपचा होता.

“सर,” तो म्हणाला, “दोष माझा.”

सरांना काही उमजेना. साबळेनं त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, गणिताच्या मास्तरला सांगावं तसं, पायरी पायरीनं. सेल्फ फिरवायला करंटचा लोंढा लागतो. तो इंजिनातून अर्थिंगच्या पट्टीवाटे परत बॅटरीकडे जातो. पट्टी रंगावर आवळलेली, रंगातून करंट जात नाही. मग लोंढ्यानं दुसरी वाट शोधली. इंजिनाला लोखंडानं जोडलेली दुसरी वस्तू म्हणजे चोकची केबल. दर वेळी सेल्फ मारला की ती तापायची, आखडायची आणि झडप धरून ठेवायची. गोविंदानं मोकळी केली की चालायची, चार सेल्फ मारले की पुन्हा धरायची. “माझा दिवा पेटत होता, कारण दिव्याला थेंब पुरतो,” तो म्हणाला. “लोंढ्याचं मी बघितलंच नाही.”

“अरे, पण रंग रंगाऱ्यानं मारला,” मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. दिवाळीपासून मी हेच ऐकायला टपलो होतो.

“रंगारी रंगच मारणार. घासायचं काम माझं.”

“साबळे, त्या दिवशी नवमी होती,” सर म्हणाले. “तुमची हत्यारं पूजेत होती. घाई मीच केली.”

“नवमी माझी होती, सर. गाडीची नव्हती.” थोडं थांबून म्हणाला, “दसरा झाला की घासून देईन असं मनात म्हणालो होतो. मग विसरलोसुद्धा नाही. माझी खात्रीच झाली की घासलंय. आजवर न घासता एक पट्टी आवळली नाही. हातानं सांगितलं घासलंय, मी हाताचं ऐकलं.”

माझी कानस त्या दिवशी रेघेच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर पडलेली होती. मागितली असती तर दिली असती. पण माझं हत्यार मागेल तर तो साबळे कसला.

त्यानं स्वतःची कानस घेतली आणि पुन्हा खाली गेला. लोखंड घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तेवढ्यात मी जळकी केबल काढली. तशी दुसरी बडोद्यात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून स्कूटरच्या क्लचची तार कापून बसवली, ती आजही सांगण्यासारखी बसली. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून लावली. सरांनी सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फेरीत लागलं आणि स्लोवर असं शांत चालत राहिलं की सर खाली उतरून बॉनेटपाशी आले, चालू आहे की बंद ते बघायला.

“चालू आहे हो!” ते म्हणाले आणि साबळेचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. सोवळ्यात होते, तरी धरला. साबळेनं तो हळूच सोडवून घेतला.

सर गेले. अजून उजेड होता. साबळेनं स्टूल ओढलं, वर चढला आणि बोर्डाचा पहिला स्क्रू ढिला केला.

“उतर खाली,” मी म्हणालो. “एक पट्टी राहिली म्हणून कुणी धंदा सोडतं का?”

“बोललो होतो.”

“कोण धरून बसलंय ते? सर विसरलेसुद्धा.”

“मी धरून बसलोय.”

“मग माझं काय? उद्यापासून कुणाशी भांडू?”

तो वरून बघून हसला. “शेजारी एखादा पट्टीवाला येईल. त्याला शिकव.” दुसरा स्क्रू गंजलेला होता, त्याला वेळ लागला. बोर्ड काखेत धरून उतरला आणि स्टूल जागेवर ठेवताना म्हणाला, “नवमीला मी आणखी एक पट्टी आवळलीय. मांजलपूरच्या डॉक्टरीणबाईंची गाडी. तीही नव्या रंगाची.”

“त्यांची तक्रार आली का?”

“अजून नाही.”

बोर्ड पुन्हा चढला नाही. मी मनधरणी केली, भांडलो, महिनाभर बोललो नाही, कशाचा उपयोग झाला नाही. गिऱ्हाइकं यायची, साबळेकाका कुठे विचारायची. तो यायचा अधूनमधून, रेघेपलीकडे स्टूल टाकून बसायचा, चहा घ्यायचा, पण एखादी वायर लोंबताना दिसली तरी हात पाठीमागे बांधून घ्यायचा. पुढे मुलाकडे सुरतेला गेला आणि तिकडेच वारला. मी पोचलो नाही, निरोप उशिरा आला. त्याची जागा मी भाड्यानं दिली नाही. लोकांनी मला वेडा म्हटलं, म्हणोत. पण साबळे म्हटलं की मला सुरतेचा म्हातारा आठवत नाही, स्टुलावरचाही आठवत नाही. त्या लग्नाची सकाळ आठवते.

वरघोडा निघाला तेव्हा मी हत्तिणीच्या डाव्या बाजूनं चालत होतो, पिशवीत हत्यारं घेऊन. जावई मागे बसलेला, मुंडावळ्या बांधून. बँड पुढे, इंदूरची पोरं नाचत होती आणि गाडी त्यांच्यामागे पावलापावलानं. चौकात पोरं हटेनात, गाडी उभी राहिली. माझं सगळं लक्ष इंजिनाकडे, पण बँडपुढे काय ऐकू येणार? मी मडगार्डवर हात ठेवून अंदाज घेत होतो. सर पुढच्या बाजूला फेटा बांधून उभे होते आणि दर घटकेला माझ्याकडे मान वळवून बघत होते.

तेवढ्यात समोरून साबळे आला. सायकलवर, इस्त्रीची खाकी पँट, हँडलला लटकवलेल्या पिशवीतून कानशीची मूठ बाहेर आलेली. गर्दी बघून उतरला, सायकल दिव्याच्या खांबाला टेकवली आणि नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत सरळ गाडीपाशी आला. माझ्याकडे पाहिलं नाही, जावयाकडे नाही, सरांकडेही नाही. ड्रायव्हरच्या खिडकीतून हात आत घातला आणि चोकच्या बटणावर दोन बोटं ठेवली. चांगली वेळ घेऊन ठेवली. मग हात काढला, बोटं शर्टाला पुसली, सायकलपाशी गेला आणि मांजलपूरच्या रस्त्याला लागला.